पितळेचं माप

वरची वाडी, ता. पाटण
४ ऑगस्ट २०२५

चि. शंभूराजास,

...सडा टाकून झाला होता, चूल पेटली होती, म्हशीची धार काढून मी आत आले तेव्हा तुझ्या मामांनी टेबलावरचा कागद बदलला होता. रोज नवा पांढरा कागद. बंदुकीच्या दारूचा एक कण सांडला तरी दिसला पाहिजे म्हणून. मी चहा दाराबाहेर पाटावर ठेवला. त्या खोलीत चहा न्यायचा नाही, उदबत्ती न्यायची नाही, आत काम सुरू झालं की बोलायचंही नाही.

"ठिवला का?"

"ठिवला."

एवढंच बोलणं. मग मी भांडी घासायला बसले. आतून काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा खाली आल्याचा आवाज आला, खट. मी एक तांब्या घासून पालथा घातला तेवढ्यात दुसरा, खट. असे दहा. दहाच्या वर एका बैठकीला कधीच नाही. मग दार उघडून ते बाहेर आले आणि गार झालेला चहा न कुरकुरता प्याले.

मामा काम कसं करायचे, असं तू विचारलंस, म्हणून ही सकाळ आठवली. अशा सकाळी बावीस वर्षं होत्या. पलटणीत शस्त्रं दुरुस्त करायचं काम त्यांनी केलं, पेन्शनीवर आल्यावर रायफल क्लबासाठी काडतुसं भरायचा रीतसर परवाना घेतला, आणि घरच्या भाताच्या राखणीला बारा बोरची बंदूक होती. तू लहानपणी दाराच्या फटीतून बघायचास ते हेच.

तुला आता क्लबात हे काम सुरू करायचं आहे आणि मामांचं सामान पाहिजे. देईन. मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. पुड्यांच्या कागदावरून अक्षरं लावायला शिकले, आणि घरात दुसरं पुस्तक नव्हतं म्हणून ह्यांची काडतूस भरायची पुस्तकंच वाचत गेले. म्हणून दोन शब्द सांगते.

पहिलं, परवानगीचा कागद तुझ्या नावानं हातात आल्याशिवाय दारूच्या डब्याला शिवू नकोस. तोवर हे पत्र नुसतं वाचायचं.

दुसरं, एका ओढीत चार कामं करणारी ती नवी यंत्रं घेऊ नकोस. नवशिक्याचं लक्ष एका वेळी एकाच कामावर राहतं. ह्यांची साधी प्रेस ने. काटा ने, वजनांच्या पेटीसकट. डोळ्यांचा चष्मा मात्र नवा घे, ह्यांचा ओरखडलाय.

तिसरं, माप कुणाच्या तोंडून घ्यायचं नाही. छापलेल्या पुस्तकातून घ्यायचं, आणि सुरुवात त्यात लिहिलेल्या सुरुवातीच्याच मापानं. ह्यांचा हा नियम होता. म्हणून जे विचारायचं ते पत्रानं विचार. इथं फोनची रेंज नाही हे एक, आणि बोललेलं विसरतं हे दुसरं.

येत्या रविवारी ये. दसऱ्याला ह्यांना जाऊन चार वर्षं होतील. गावात अजून म्हणतात, "फौजी चुकला." मी ऐकून घेते.

मामी


पलूस, जि. सांगली
१३ ऑगस्ट २०२५

ती. मामींस सा. न.

सामान नीट पोचलं. प्रेस गाडीत पायाशी ठेवली होती, काटा उत्कर्षाच्या मांडीवर. ती म्हणाली, लग्नात मामींनी मला साडी दिली नव्हती, आता दिवसभर मांडीवर लोखंड दिलं. चेष्टेनं म्हणाली, रागावू नका.

पोस्टमन म्हणतो, आजकाल पत्र फक्त बँक पाठवते नाहीतर कोर्ट. तुमचं आलं तेव्हा त्यानं मला विचारलं, "काय रं गड्या, केस झाली काय तुज्यावर?"

मागची खोली रिकामी केली. खिडकीला जाळी, दाराला कुलूप. स्वयंपाकघर लांब. प्रेस चार बोल्टांनी टेबलाला आवळली. परवानगीचा कागद दिवाळीच्या आत येईल असं क्लबात म्हणतात. तोवर रिकाम्या काडतुसांवर हात बसवतो. खरं सांगतो मामी, मामांच्या जागी बसल्यासारखं वाटतं. पलटण सोडल्यावर कुठं बसावं हेच कळत नव्हतं.

एक गोष्ट राहिली. मामांच्या वहीत पानोपानी पितळेच्या मापाचा उल्लेख आहे. त्यांनी स्वतः कातून केलेलं, अंगठ्याएवढं, लांब दांड्याचं. ते काठोकाठ भरलं की दारू किती भरते ते वहीत लिहिलंय, आणि पुढं रोज काट्यावर तपासल्याची खूण. बावीस वर्षांत एकदाही चूक नाही. ते माप पेटीत नव्हतं. असलं तर पाहिजे होतं.

आई म्हणते, "वैनीनं लोखंड दिलं आन् पितळ ठिवून घेतलं." तिचं तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या भावाची वस्तू म्हटली की ती अशीच.

आपला,
शंभूराज


वरची वाडी
२२ ऑगस्ट २०२५

चि. शंभूराजास,

माप हरवलं. वन्संना सांग.

हात बसवतोयस ते चांगलं. आता खोलीची रीत लिहून घे. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा, तो मूळ कंपनीचा, चिठ्ठी शाबूत असलेला. काम झालं की उरलेली त्याच डब्यात, रात्रभर कशातही उघडी ठेवायची नाही. टोप्या, म्हणजे ज्यांच्यावर घोडा आपटला की ठिणगी पडते त्या, दारूपासून लांब दुसऱ्या फळीवर. हातात सुटी टोपी घेऊन फिरायचं नाही. दारू मापून झाली की डाट, म्हणजे दारूवरचं बूच, बसवण्याआधी प्रत्येक काडतुसात बॅटरीनं वाकून बघायचं. एकात जास्त किंवा एकात कमी, दोन्ही सारखंच वाईट. लोक जास्तीला भितात, कमीला भीत नाहीत. कमी दारूनं डाट नळीत मधेच अडकतो, आणि पुढच्या बाराला नळी फाटते. आवाज भुस्स आला की बंदूक खाली ठेवायची, मोकळी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का बघायचं. मागून काहीही पळत येत असलं तरी.

फोन त्या खोलीत न्यायचा नाही. बंद करून बाहेर ठेवायचा. मन एकाच जागी पाहिजे.

आणखी एक लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. लिहिते. तू प्रेस नेलीस त्याला बारा दिवस होतील. टेबलाला आता चार बोल्टांची चार भोकं राहिलीत, दुसरं काही नाही. तरी सकाळी भांडी घासताना त्या खोलीतून आवाज येतो. दहा नाही. दोनच. खट. खट. मग काही नाही. मी तिसऱ्याची वाट बघत हातात राख घेऊन बसते.

मला वाटलं माझा कान. पण परवा शेजारची हरणाबाई ताक मागायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. "आवं, पावनं आल्यात व्हय? आत कोन तरी काम करतंय न्हवं?"

मी म्हणाले, "उंदीर हाय."

ती म्हणाली, "उंदीर मोजून दोनदाच वाजवतो व्हय?" आणि ताक न घेताच गेली.

मामी


पलूस
९ सप्टेंबर २०२५

ती. मामींस सा. न.

परवानगी लवकर आली! कागदाची झेरॉक्स सोबत पाठवतोय, तुम्ही विश्वास ठेवणार नाही म्हणून. अजून दारू उघडलेली नाही, आधी काटा तपासतोय.

काट्याचं जरा नवल आहे. पेटीतली वजनं टाकून बघितली, केसाएवढाही फरक नाही. रात्री ताटली रिकामी, काटा बरोबर मधे, वर डबा झाकून, खोलीला कुलूप. सकाळी डबा काढला तर रिकामी ताटली खाली गेलेली. कुणी तिच्यात काहीतरी ठेवलंय अशी. बोटानं उचलली की पुन्हा मधे. असं सलग सहा दिवस. टेबलाखाली पाणसळ लावून पाहिली, टेबल सरळ. आमचे क्लबातले वस्ताद म्हणाले, जुन्या काट्याला दमट हवा बाधते. असेल.

उत्कर्षा मात्र त्या खोलीत केर काढायला जात नाही. मी चिडलो तर म्हणाली, "आवं, कुणी बसलेलं असलं की ते उठल्याबिगर केर काढत न्हाईत." मी म्हटलं, कोण बसलंय? ती म्हणाली, "मला काय इचारताय? मी मामांना कुठं बघितलंय."

हसलो आम्ही. पण ती नंतर हसली नाही.

तुमच्याकडचा आवाज अजून येतो का?

शंभूराज


वरची वाडी
१७ सप्टेंबर २०२५

चि. शंभूराजास,

काल ह्यांचा म्हाळ झाला. पाच माणसं जेवली.

आवाज थांबलाय. तुझ्याकडे काटा झुकू लागला त्याच्या आसपास थांबला असावा, मी तारीख लिहून ठेवली नव्हती. पहिल्या दिवशी बरं वाटलं. आता भांडी घासताना घर फार मोठं वाटतं.

तुला एकच सांगते. काट्याचं ऐक. वजनं बरोबर दाखवतोय ना, मग रिकामा असताना काय करतो ते सोड. ह्यांनी कुणाचंच ऐकलं नाही, काट्याचं ऐकलं. दुसरं कुठलंही माप घेतलंस तरी ते काट्यावर तपासल्याशिवाय एक काडतूस भरू नकोस. माझी शपथ नाही घालत, तुझी तुला घालते.

मी उद्या वडूजला भावाकडे जाते, आईचा म्हाळ आहे. अमावास्या करून परत येईन. किल्ली हरणाबाईकडे असते.

मामी


पलूस
२६ सप्टेंबर २०२५

ती. मामींस सा. न.

आनंदाची बातमी. माप सापडलं!

अमावास्येला आई आणि मी तुमच्याकडे येऊन गेलो. तुम्ही वडूजला होतात. हरणाबाईंनी कुलूप उघडून दिलं. आईला भावाच्या फोटोला हार घालायचा होता. देव्हाऱ्यातली फुलं बदलताना टाकांच्या मागं तिच्या हाताला लागलं. "बघ, देवामागं ठिवून इसरली बाई," म्हणाली. मीही तेच म्हटलं. चार वर्षांत माणूस काय काय विसरतं. न विचारता आणलं, रागावू नका. परत देईन. आतून बाहेरून पिवळं धमक आहे, जणू काल कातलंय.

आता अडचण सांगतो. मापानं काठोकाठ दारू घेतली आणि काट्यावर टाकली तर काटा कमी दाखवतो. वहीत लिहिलंय त्याहून बरीच कमी. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेवढीच कमी. तुम्ही लिहिलंत काट्याचं ऐक. पण मामी, जो काटा रिकामा असताना झुकतो त्याचं काय ऐकायचं? तो बिघडलाय हे आता उघड आहे. मामांच्या हातचं माप बावीस वर्षं चुकलं नाही. वहीत त्यांची सही आहे. दोघांतलं एक खोटं असेल तर मी मामांचं खरं मानणार.

आणि गंमत म्हणजे माप टेबलावर ठेवलं की काटा स्थिरच होत नाही. एकसारखा खालवर. बाजूला नेलं की शांत. चुंबकासारखं काहीतरी असेल, पण पितळेला चुंबक कसला? शेवटी काटा पेटीत घालून माळ्यावर टाकला. नवा मागवलाय, तो दसऱ्यानंतर येईल.

दसऱ्याला सकाळी क्लबात शस्त्रपूजा झाल्यावर पहिले बार माझ्या हातचे उडवायचे असं वस्तादांनी जाहीर केलंय. दहा काडतुसं. तीस तारखेला संध्याकाळी दारू मापून ठेवीन, खंडेनवमीला डाट आणि छर्रे. पहिले बार मामांच्या मापाचे. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, आता कोण म्हणतंय ते बघती, फौजी चुकला म्हणून.

तुम्ही याल का बघायला?

शंभूराज


पलूस
५ ऑक्टोबर २०२५

ती. मामींस सा. न.

तुम्ही आलात तशाच गेलात. दसऱ्याला राहा म्हणून आईनं हात धरला तरी सकाळच्या गाडीनं निघालात. आठ शब्द बोलला असाल. म्हणून हे पत्र.

काय झालं ते मी पाहिलं तसं लिहितो, तुम्ही मला समजावून सांगा.

तीस तारखेला संध्याकाळी मी फोन बंद करून बाहेर ठेवला आणि दहा काडतुसांत त्या मापानं दारू घातली. सुरू केला तेव्हा त्यावर तुमच्या वाडीतल्या कुणाच्या तरी नंबरवरून सतरा वेळा फोन येऊन गेलेला होता. मी फोन लावला तर हरणाबाईंचे यजमान ज्ञानूकाका बोलले. म्हणाले, "मामी डोंगरावर चढून फोन करीत हुत्या. आता खाली गेल्या, मी फोन घिऊन वरच हाय. काय ते न्हाई सांगितलं."

दहाही काडतुसं भोकांच्या पाटीत उभी, तोंडं वर. उघडी ठेवू नकोस असं तुम्ही लिहिलं होतं, पण वीज गेली, बॅटरी संपलेली, अंधारात डाट कसे बसवू? कुलूप लावलं, किल्ली कमरेला.

खंडेनवमीला सकाळी सातला कुलूप काढलं. टेबलावर पांढरा कोरा कागद अंथरलेला. मी अंथरला नव्हता, मी वर्तमानपत्रावर काम करतो. कागदाच्या मधोमध दारूचा एकच ढीग, नीट, कण इकडे तिकडे नाही. आणि पाटीत दहाही काडतुसं पालथी.

मी उत्कर्षाला विचारलं, आईला विचारलं. उत्कर्षा म्हणाली, "किल्ली तुमच्याच कमरंला हाय, मला काय इचारता?" आईनं तोंडाला पदर लावला. मी दारू डब्यात घातली आणि ठरवलं, काही का असेना, दुपारी पुन्हा भरतो. तोवर उत्कर्षानं पूजा मांडली. प्रेस, माप, माळ्यावरून काढलेला काटासुद्धा.

साडेअकराला तुम्ही आलात. पाणीही घेतलं नाहीत. सरळ पूजेपाशी जाऊन माप उचललंत.

आई म्हणाली, "आगं वैनी, मांडल्याली पूजा मोडतीस व्हय?"

तुम्ही म्हणालात, "मोडती."

मग दारात उजेडाला धरून नखानं मापाचा तळ खरवडलात. तळाची खपली निघाली. पितळ तिच्या खाली होतं. तुम्ही ती खपली तळहातावर घेऊन मला दाखवलीत, माप पदरात बांधलंत आणि म्हणालात, "काटा खरा हाय." एवढंच.

मी बार उडवले नाहीत. वस्ताद हसले, हसू देत. मामी, ती हळद होती. वास आला मला. मापात हळद कशी गेली? आणि काडतुसं पालथी कुणी केली?

शंभूराज


वरची वाडी
१४ ऑक्टोबर २०२५

चि. शंभूराजास,

हळद मी घातली.

पहिल्या पत्रात तुला एक सकाळ लिहिली होती. आता दुसरी लिहिते. तीही तशीच होती, सडा, चूल, धार. फक्त त्या दिवशी खंडेनवमी होती म्हणून भांडी आधी घासली आणि ह्यांची हत्यारं पूजेला मागून घेतली. दर वर्षी ते स्वतः मांडायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पुसून घ्यायचे. त्या वर्षी त्यांचा गुडघा दुखत होता. मी म्हणाले, मी मांडते. पाट, त्यावर काटा, काट्याला झेंडूची माळ. माप रिकामं होतं. आमच्यात पूजेला रिकामं माप ठेवत नाहीत, शेर असो नाहीतर पायली, तांदळानं भरून ठेवतात. एवढंसं माप, लांब दांडा, तांदूळ सांडू लागले. म्हणून मी तळाला ओली हळद थापली आणि वर थोडेच तांदूळ घातले. छान दिसत होतं.

संध्याकाळी ज्ञानू सांगत आला, खालच्या वावरात डुकरं उतरलीत, भात लोळवलंय. घरात भरलेलं काडतूस एकही नव्हतं. हे उठले आणि काट्याला हात घातला.

मी म्हणाले, "आवं, पूजा मांडल्याली हाय. उद्या आपट्याची पानं वाहिल्याबिगर हलवू नका."

"काट्याबिगर भरू व्हय?"

"माप न्या की. बावीस वर्सं त्येच माप हाय. एक दिस माझं ऐकलं तर काय बिघडतंय?"

ते हसले. "बरं बाई. तुझं बी ऐकू एकदा." मापातले तांदूळ त्यांनी माझ्या ओंजळीत ओतले आणि दांड्याला धरून माप आत नेलं. हळद वाळली होती. पितळ पिवळं आणि हळदही पिवळी, बॅटरीच्या उजेडात त्यांना काय दिसणार? मला तरी कुठं आठवलं? मी ओंजळीतले तांदूळ डब्यात टाकले.

आतून दोनच आवाज आले. खट. खट. दोन पुरेत म्हणाले.

दसऱ्याला उजाडताना मी सडा टाकत होते. खालून पहिला बार ऐकला, तो बारासारखा नव्हताच, ओलं लुगडं झटकल्यासारखा. मला कळलं काहीतरी चुकलं. पुस्तकात वाचलं होतं ना मी. नळीतून बघा, असं मी अंगणातून मोठ्यानं म्हणाले. एवढ्या लांबून काय ऐकू जातंय? ज्ञानूनं नंतर सांगितलं, डुक्कर अंगावर आलं होतं. मग दुसरा बार झाला.

हवालदार घरी आले. जबाब त्यांनीच लिहिला. "काडतुसं जुनी होती का, बाई?" मी व्हय म्हणाले. त्यांनी लिहिलं, मी सही केली. त्या कागदात पुढं लिहिलंय की मयत इसमाच्या हलगर्जीपणामुळे. नक्कल हातात आल्यावर हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. बावीस वर्षं रोज नवा कागद अंथरणाऱ्या माणसाला हा शब्द लागला आणि मी तो चार वर्षं लागू दिला. मापाच्या तळाला वाळलेली हळद तशीच होती, ते धुवायला माझा हात धजला नाही. टाकूनही देता येईना. देवामागं ठेवलं. तुला हरवलं म्हणून लिहिलं, हीसुद्धा माझीच चूक. खरं लिहिलं असतं तर तू ते हातात धरलं नसतंस. तुझं पत्र तीस तारखेला दुपारी हातात पडलं. ज्ञानूचा फोन घेऊन टेकाडावर गेले. तुझा बंदच लागला. फोन बाहेर ठेव, हे मीच तुला शिकवलं होतं. दिवस मावळेपर्यंत मी तिथं बसले होते. गाडी सकाळीच होती.

आता तुझा दुसरा प्रश्न. काडतुसं मी पालथी केली नाहीत. तू सातला खोली उघडलीस तेव्हा मी पाटणच्या स्टँडवर कराडच्या गाडीची वाट बघत उभी होते. ते कसं झालं हे मला माहीत नाही आणि तुला खोटं सांगणार नाही. मला माहीत आहे ते एवढंच. तुझ्या मामांची एक खूण होती. भरलेलं काडतूस तोंड वर, भरायचं राहिलेलं पालथं. ही खूण मी तुला एकाही पत्रात कळवलेली नाही. मागची पत्रं काढून बघ. वहीतही ती नाही, ती त्यांच्या हातात होती. हे भरलेलं नाही, असं कुणीतरी तुला सांगितलं.

काटा आता सकाळी कसा असतो ते मला कळव. माझ्या मते सरळ असेल.

काम सोडू नकोस. नवा काटा आला की जुन्यावरही तपास, दोन काट्यांचं जमलं तरच भर. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची तर हळद-कुंकू पाटाला लावायचं, हत्याराला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन, पुसून, काट्यावर तपासल्याशिवाय एक कण दारू काढायची नाही. मागून डुकरं येवोत नाहीतर वस्ताद. हे उत्कर्षालाही वाचून दाखव, ती शहाणी आहे. वन्संना मात्र मी स्वतः येऊन सांगणार आहे, तू सांगू नकोस. त्या जे बोलतील ते मी ऐकून घेईन.

पलूसहून मी दसऱ्याच्या दिवशीच घरी आले. माप राखेनं घासलं, तळाशी काडी घालून घासलं, आणि बाकीच्या भांड्यांत पालथं घातलं. खोलीत गेले नाही. ऐकत बसले. काही आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी पाटणला गेले, ठाण्यात एक कोरा कागद मागून घेतला आणि माझा जबाब माझ्या हातानं लिहून दिला.

रंगूबाई